ग्रीवा रोहिणी-संकोच : उपचारांचा इतिहास

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या, मानेतील दोन प्रमुख रोहिण्यांचा (शुद्ध रक्तवाहिन्यांचा) मार्ग आतून अरुंद होणे वा पूर्णपणे बंद पडणे, या विकृतीस ग्रीवा रोहिणी-संकोच म्हणतात. मानेच्या प्रत्येक बाजूस एक याप्रमाणे असलेली सामाईक ग्रीवा रोहिणी स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या पातळीत दुभंगते. तिची बाह्य शाखा चेहरा व कवटीचे आवरण यांकडे जाते, तर अंतर्गत शाखा मेंदू व डोळा यांना रक्त पुरविते. दुभंगण्याच्या जागी रक्तप्रवाहात भोवरे निर्माण होतात आणि नेमक्या त्याच ठिकाणी भित्तीच्या अंतःस्तराखाली मेदयुक्त पदार्थांचे व पुढे कॅल्शियमाचे थर साचतात. हा रोहिणी-विलेपी विकार होय. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचे सेवन आणि रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल ही त्याची मुख्य कारणे होत.

हा संकोच मेंदूला अपाय करतो तो केवळ रक्त कमी पोहोचल्यामुळे नव्हे. थराचा पृष्ठभाग फुटून तेथे रक्ताची गुठळी जमते, तिचे कण सुटून प्रवाहाबरोबर वर जातात आणि मेंदूतील बारीक वाहिन्या बुजवितात. कण लहान असून लगेच विरघळला, तर एका हाताची शक्ती काही मिनिटे जाते, वाचा अडखळते किंवा एका डोळ्यासमोर पडदा ओढल्यासारखा अंधार येतो व निघून जातो. कण मोठा असेल, तर कायमचा पक्षाघात होतो. मराठीत या अवस्थेला ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणण्याची जुनी रीत आहे. वारे आले आणि गेले, त्याला रोखणार कोण, ही समजूत त्या शब्दप्रयोगातच आहे. तिचे मूळ मानेतील बोटभर लांबीच्या नलिकेत असू शकते व ती नलिका उघडून साफ करता येते, हे ज्ञान जेमतेम पाऊणशे वर्षांचे आहे.

या रोहिणीचे महत्त्व मात्र फार प्राचीन काळापासून माहीत होते. तिच्या पाश्चात्त्य नावाचे मूळ गुंगी किंवा गाढ झोप या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे, कारण मानेच्या दोन्ही बाजूंच्या या वाहिन्या दाबल्यास माणूस बेशुद्ध पडतो असे ग्रीकांनी पाहिले होते. सुश्रुतसंहितेतील शारीरस्थानात मानेतील मर्मे सांगताना ‘मातृका’ या आठ सिरा वर्णिल्या असून त्यांना इजा झाल्यास तत्काळ मृत्यू येतो असे म्हटले आहे. कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या ‘नीला’ व ‘मन्या’ या धमन्यांना इजा झाल्यास मुकेपणा व स्वरविकृती येते, असेही तेथे नमूद आहे. या संज्ञांचा आजच्या शारीरातील एकेका वाहिनीशी तंतोतंत मेळ घालण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो टाळलेला बरा. मानेतील वाहिन्या आणि वाचा यांचा संबंध त्या काळी निरीक्षणात आला होता, एवढे निश्चित म्हणता येते.

शस्त्रक्रियेच्या इतिहासात या रोहिणीशी पहिला संबंध आला तो ती उघडण्यासाठी नव्हे, तर बांधण्यासाठी. सोळाव्या शतकात फ्रेंच शस्त्रवैद्य आंब्र्वाज पारे यांनी मानेवर तलवारीचा वार झालेल्या एका जखमीची रोहिणी रक्तस्राव थांबविण्यासाठी बांधली. माणूस वाचला, परंतु त्याची वाचा गेली व एक बाजू लुळी पडली. लंडनमध्ये जॉन ॲबरनेथी यांनी १७९८ मध्ये गाईच्या शिंगाने मान फाडलेल्या रुग्णावर हाच उपाय केला, पण रुग्ण दगावला. ॲस्टली कूपर यांनी रोहिणीच्या फुगवट्यासाठी १८०५ मध्ये केलेले बंधन अयशस्वी झाले. १८०८ मधील त्यांचा दुसरा रुग्ण मात्र पुढे तेरा वर्षे जगला. एकाची रोहिणी बांधली असता तो लुळा पडतो आणि दुसऱ्याला काहीच होत नाही, या विसंगतीचे स्पष्टीकरण टॉमस विलिस यांच्या १६६४ मधील मेंदूविषयक ग्रंथात आधीच आले होते. मेंदूच्या तळाशी चारही रोहिण्या एका वलयाने परस्परांस जोडलेल्या असतात व एक बंद पडल्यास इतर तिची उणीव भरून काढू शकतात. शवपरीक्षेत उजवी ग्रीवा रोहिणी पूर्ण बुजलेली आढळूनही ज्याला जिवंतपणी पक्षाघात झाला नव्हता, अशा एका मनुष्याचे वर्णन विलिस यांनी केले आहे. हे वलय प्रत्येकात सारखे पूर्ण नसते. उपचारांविषयीचे पुढील अनेक वाद येथूनच निघाले.

मान आणि पक्षाघात यांचा दुवा जुळण्यास त्यानंतर जवळजवळ तीन शतके लागली. पक्षाघाताने मृत्यू आल्यास शवविच्छेदनात कवटी उघडली जाई, मान सहसा उघडली जात नसे. हान्स किआरी यांनी १९०५ मध्ये चारशे शवपरीक्षांपैकी सात शवांत ग्रीवा रोहिणीच्या दुभाजनापाशी थरांवर जमलेल्या गुठळ्या दाखविल्या व त्यांचे कण मेंदूकडे जात असावेत असे सुचविले. अमेरिकेत जे. रॅम्झी हंट यांनी १९१४ मध्ये, पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या मानेतील स्पंदने दोन्ही बाजूंनी तपासावीत, असा आग्रह धरला. लिस्बन येथील एगास मोनीश यांनी १९२७ मध्ये रोहिणीत क्ष-किरणांना अपारदर्शक असे द्रव्य टोचून जिवंत माणसाच्या मेंदूतील वाहिन्यांचे चित्रण केले आणि दहा वर्षांनी त्यांच्याच गटाने ग्रीवा रोहिणी बंद पडल्याची चित्रे प्रसिद्ध केली.

निर्णायक काम मात्र मिलर फिशर यांचे. कॅनडातील माँट्रिऑल येथे काम करणाऱ्या या तंत्रिकावैज्ञानिकाने १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दोन गोष्टी मांडल्या. एक म्हणजे अंतर्गत ग्रीवा रोहिणी बंद पडणे ही दुर्मीळ घटना नसून पक्षाघाताचे ते नेहमीचे कारण आहे. दुसरी म्हणजे मोठ्या आघातापूर्वी पुष्कळ रुग्णांना क्षणिक झटके येऊन गेलेले असतात. वाहिनीचा विकार मानेपुरता मर्यादित असून वरचा भाग निरोगी असतो, तेव्हा त्या जागेला वळसा घालणारी शस्त्रक्रिया एक दिवस शक्य होईल, असे भाकीतही त्यांनी केले. ते खरे ठरण्यास फार काळ लागला नाही.

तयारी अन्यत्र चालू होती. लिस्बनमध्येच झ्वाऊँ सिद दुस सांतुस यांनी १९४६ मध्ये मांडीतील बुजलेली रोहिणी उघडून तिच्या आतील थर खरवडून काढला. अंतःस्तर गेला तर रक्त तत्काळ साकळेल ही तोवरची समजूत हेपारिनाच्या वापरामुळे चुकीची ठरली. ब्वेनस आयर्स येथे राउल कारेआ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९५१ मध्ये अंतर्गत ग्रीवा रोहिणीचा विकृत भाग काढून तिचे वरचे टोक बाह्य शाखेस जोडले, परंतु हे काम १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. मायकेल डिबेकी यांनी ७ ऑगस्ट १९५३ रोजी ह्यूस्टन येथे एका बसचालकाच्या रोहिणीतील थर काढला. रुग्ण पुढे एकोणीस वर्षे जगला, पण डिबेकी यांनी त्याची हकीकत छापली ती १९७५ मध्ये. त्यामुळे पहिलेपणाचा मान कोणाचा, हा वाद शस्त्रवैद्यांत बराच काळ रंगला. जगाचे लक्ष वेधून घेतले ते लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयातील फेलिक्स ईस्टकॉट, जॉर्ज पिकरिंग व चार्ल्स रॉब यांच्या शस्त्रक्रियेने.

त्यांची रुग्ण ६६ वर्षांची स्त्री होती. तिला अर्धांग लुळे पडण्याचे, वाचा जाण्याचे वा एका डोळ्याची दृष्टी जाण्याचे तेहतीस क्षणिक झटके येऊन गेले होते. १९ मे १९५४ रोजी तिचे शरीर बर्फाने २८° से. पर्यंत थंड करण्यात आले. हेतू असा की, रक्तपुरवठा थांबलेला असताना मेंदूची ऑक्सिजनाची गरज कमी व्हावी. रोहिणी २८ मिनिटे चिमट्यांनी बंद ठेवून दुभाजनाचा रोगट भाग कापून काढला गेला आणि सामाईक रोहिणीचे टोक अंतर्गत शाखेस शिवण्यात आले. झटके थांबले. त्याच वर्षी ही हकीकत लॅन्सेट या नियतकालिकात आली. पक्षाघात होण्यापूर्वीच तो टाळण्यासाठी जाणूनबुजून केलेली, आणि तसे सिद्धही करून दाखविणारी, अशी ही पहिली गाजलेली शस्त्रक्रिया होय.

पुढे बर्फाची गरज उरली नाही. आज रूढ असलेल्या पद्धतीत जबड्याच्या कोनाखाली, मानेच्या तिरकस स्नायूच्या पुढील कडेने छेद घेतात; रोहिणी वर व खाली चिमटून उभी उघडतात आणि अंतःस्तरासह मेदाचा थर सोलून काढतात. मधल्या काळात रक्त पुढे जात राहावे म्हणून एक बारीक नळी तात्पुरती बसविता येते. ही युक्ती डेन्टन कूली यांनी १९५६ मध्ये वापरली. शेवटी छेदावर नीलेचे किंवा कृत्रिम धाग्याचे ठिगळ लावून रोहिणी शिवतात. पुष्कळ ठिकाणी केवळ मान बधिर करून ही शस्त्रक्रिया होते. रुग्ण जागा असतो व त्याला अधूनमधून हात आवळायला सांगून मेंदूची स्थिती पाहता येते.

मुंबईत या विकाराचा अभ्यास दोन वेगळ्या दिशांनी झाला आणि दोन्हींना जागतिक महत्त्व आहे. प्रफुल्ल म. दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये लॅन्सेटमध्ये मेंदूतील अंतर्कीलनाविषयी (वाहून आलेल्या गुठळीने वाहिनी बुजण्याविषयी) निरीक्षणे प्रसिद्ध केली. रोहिणीचित्रण पुन्हा केले असता आधी बंद दिसलेली वाहिनी आपोआप मोकळी झालेली त्यांना आढळली. गुठळी शरीरातच विरघळू शकते याचा हा दृश्य पुरावा होता. क्षणिक झटके का येतात व का जातात, याचे उत्तर त्यात होते आणि औषधाने गुठळी विरघळविण्याच्या पुढील प्रयत्नांना आधारही. दलाल यांच्याच पुढाकाराने २००५–०६ मध्ये मुंबईच्या एका विभागात पक्षाघाताची लोकसंख्याधिष्ठित पाहणी झाली. तीत पहिल्या आघातानंतर २८ दिवसांच्या आत दगावणाऱ्यांचे प्रमाण सु. ३०% आढळले.

दुसरी दिशा परळच्या राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालयाची. तेथील शस्त्रवैद्य प्रफुल्लकुमार सेन (१९१५–८२) हे १९६८ मधील भारतातील पहिल्या हृदय-प्रतिरोपणामुळे सर्वांस माहीत आहेत. रोहिणीविकारांवरील त्यांचे काम त्यामानाने उपेक्षित राहिले. पाश्चात्त्य ग्रंथांत ग्रीवा रोहिणी-संकोच हा साठीनंतरच्या, धूम्रपान करणाऱ्या पुरुषांचा विकार म्हणून वर्णिला जाई. परळला मात्र तरुण स्त्रिया येत. त्यांच्या मनगटात नाडी लागत नसे, मानेतील स्पंदने क्षीण असत, चालताना घेरी येई व रक्तदाब मोजणेही अवघड होई. महारोहिणी व तिच्या मोठ्या शाखांच्या भित्तीचा हा दाह जपानी नेत्रवैद्य मिकिटो ताकायासू यांनी १९०८ मध्ये डोळ्यांतील बदलांवरून प्रथम नोंदविला होता. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये महारोहिणीच्या मधल्या भागाच्या संकोचाविषयी निबंध लिहिला आणि १९७३ मध्ये १०१ रुग्णांच्या अभ्यासावर आधारित ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या सहकाऱ्यांत जी. बी. परुळकर हे शस्त्रवैद्य होते. भारतीय रुग्णांत उदरातील महारोहिणी व वृक्क-रोहिण्या (मूत्रपिंडाच्या रोहिण्या) पुष्कळदा बाधित होतात व त्यामुळे रक्तदाब वाढतो, ही गोष्ट या प्रकारच्या कामातून स्पष्ट झाली. अशा रोहिणीत खरवडून काढण्याजोगा थर नसतो, संपूर्ण भित्तीच जाड झालेली असते. म्हणून येथे दाह शमविणारी स्टेरॉइड औषधे प्रथम देतात आणि दाह निवल्यावर गरज असल्यास छातीतील महारोहिणीपासून निरोगी भागापर्यंत वळसावाहिनी बसवितात. मानेतील संकोच म्हटला की शस्त्र, हे समीकरण मुंबईच्या अनुभवास लागू पडत नव्हते.

ते पश्चिमेतही तितकेसे लागू पडत नव्हते, हे हळूहळू उघड झाले. अमेरिकेत १९७१ मध्ये या शस्त्रक्रिया सु. १५,००० झाल्या होत्या. १९८५ पर्यंत तो आकडा एक लाखाच्या वर गेला. यांपैकी किती जणांचा पक्षाघात खरोखर टळला, याचा मात्र विश्वसनीय पुरावा नव्हता आणि शस्त्रक्रियेमुळेच आघात झालेल्यांची संख्या काही ठिकाणी चिंताजनक होती. कॅनडातील हेन्री बार्नेट यांच्या गटाने १९७८ मध्ये ॲस्पिरिनमुळे पक्षाघाताचा व मृत्यूचा धोका कमी होतो असे दाखविले. म्हणजे शस्त्राची तुलना आता निरुपायाशी नव्हे, तर एका स्वस्त गोळीशी करावयाची होती. त्याच बार्नेट यांनी, कवटीबाहेरील रोहिणी कवटीतील रोहिणीस जोडण्याच्या शस्त्रक्रियेची यदृच्छ (चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे रुग्ण वाटून केलेली) चाचणी घेतली. गाझी याशारगिल यांनी १९६७ मध्ये झुरिक येथे सुरू केलेली ही शस्त्रक्रिया अत्यंत कौशल्याची व तितकीच लोकप्रिय होती. १,३७७ रुग्णांवरील चाचणीचा निकाल १९८५ मध्ये लागला : लाभ काहीही नाही. अनेक शस्त्रवैद्यांनी त्यावर रोष व्यक्त केला. निकाल मात्र बदलला नाही.

या धक्क्यानंतर मानेतील शस्त्रक्रियेचीही परीक्षा होणे अटळ होते. उत्तर अमेरिकेतील व यूरोपातील दोन मोठ्या चाचण्यांचे पहिले निष्कर्ष १९९१ मध्ये आले. क्षणिक झटका वा सौम्य आघात होऊन गेलेल्या आणि ७० ते ९९% संकोच असलेल्या रुग्णांत, केवळ औषधे घेणाऱ्यांपैकी २६% जणांना दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात झाला, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत हे प्रमाण ९% होते. शस्त्रक्रियेचा स्वतःचा धोका (महिन्याभरात पक्षाघात वा मृत्यू ५·८%) जमेस धरूनही हा लाभ फार मोठा आहे. संकोच ५० ते ६९% असेल, तर लाभ थोडा, आणि ३०% पेक्षा कमी असेल, तर शस्त्रक्रियेने नुकसानच होते. तीस-पस्तीस वर्षे चाललेल्या एका शस्त्रक्रियेला ती कोणासाठी आहे हे असे उशिरा कळले.

याच सुमारास कातडीतून रोहिणीत नळी घालून आतून फुग्याने मार्ग रुंद करण्याची पद्धत मानेपर्यंत आली. पायाच्या रोहिणीत चार्ल्स डॉटर यांनी ती १९६४ मध्ये प्रथम वापरली होती. फुग्यामागोमाग धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसविण्यात येऊ लागली. फुगवताना थराचे कण सुटून मेंदूत जाण्याची भीती मोठी, म्हणून वर छत्रीसारखी गाळणी उघडण्याची योजना झाली. २,५०२ रुग्णांवरील अमेरिकी चाचणीत (२०१०) चार वर्षांअखेर दोन्ही पद्धतींचे एकंदर परिणाम जवळजवळ सारखे निघाले (स्टेंट ७·२%, शस्त्रक्रिया ६·८%). तथापि उपचाराच्या वेळी पक्षाघात स्टेंट गटात अधिक (४·१% विरुद्ध २·३%), तर हृद्‌रोहिणीचा झटका शस्त्रक्रिया गटात अधिक (२·३% विरुद्ध १·१%) होता. सत्तरीपुढील रुग्णांस शस्त्रक्रिया व तरुणांस स्टेंट अधिक मानवतो. म्हातारपणी वाहिन्या वाकड्या व कठीण झालेल्या असतात आणि नळी मांडीपासून वर नेताना त्या खरडल्या जातात, हे त्याचे एक कारण. यावर तोड म्हणून मानेच्या तळाशी लहान छेद घेऊन, रक्तप्रवाह काही काळ उलटा वळवून स्टेंट बसविण्याची पद्धत २०१५ नंतर अमेरिकेत रूढ झाली.

कोणतेही लक्षण नसताना तपासणीत अकस्मात आढळलेल्या संकोचाचे काय करावे, हा प्रश्न सर्वांत अवघड आहे. १९९५ व २००४ मधील चाचण्यांत अशांनाही शस्त्रक्रियेचा लाभ दिसला. पाच वर्षांतील धोका सु. ११–१२% वरून ५–६% वर आला. परंतु त्यानंतर कोलेस्टेरॉल उतरविणारी स्टॅटिन औषधे व रक्तदाबाचे काटेकोर नियंत्रण सर्रास झाले आणि केवळ औषधांवर असलेल्यांचा धोकाच घटला. जुने आकडे नव्या रुग्णास लावणे त्यामुळे कठीण झाले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, उत्तम औषधोपचारास स्टेंटची जोड दिल्यास काही अधिक लाभ आढळला. शस्त्रक्रियेच्या जोडीने दिसलेला फरक मात्र संख्याशास्त्रीय दृष्ट्या निश्चित ठरला नाही. रोहिणी शंभर टक्के बंद झाली असेल, तर मात्र ती उघडण्याचा प्रयत्न सहसा करीत नाहीत. तेथून कण सुटण्याचा मार्गच बंद झालेला असतो व मेंदू विलिस-वलयातून रक्त मिळवितो. अशा रुग्णांसाठी वळसा-शस्त्रक्रियेची निवडक स्वरूपात पुन्हा घेतलेली चाचणीही २०११ मध्ये निष्फळ ठरली.

राहता राहिला काळाचा प्रश्न. ब्रिटनमधील पीटर रॉथवेल व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जुन्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून दाखविले की, शस्त्रक्रियेचा बहुतेक लाभ क्षणिक झटक्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ती केली तरच मिळतो. नंतर तो झपाट्याने ओसरतो. महाराष्ट्रात हा निष्कर्ष कोणत्या परिस्थितीत लागू करावयाचा, हे गडचिरोली जिल्ह्यातील ८६ गावांत ‘सर्च’ या संस्थेने केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासावरून कळते. तेथील मृत्यूंच्या कारणांत पक्षाघात पहिल्या क्रमांकावर (१४·३%) होता आणि पक्षाघाताने मेलेल्यांपैकी बहुतेकांचा मृत्यू घरीच झाला होता.

गडचिरोली दूर आहे, पण मुंबईच्या दारातील गावांचा अनुभव अगदी निराळा आहे असेही नाही. पूर्वी पनवेल तालुक्यात व आता रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यात मोडणारे चिरनेर हे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहामुळे परिचित असलेले गाव घेतले, तर त्या वर्षी पक्षाघाताच्या रुग्णासाठी जगातील कोणत्याही राजधानीत शेकशेगडी व तेलमालिशीपेक्षा फारसे अधिक काही नव्हते. मोनीश यांचे रोहिणीचित्रण अवघे तीन वर्षांचे होते. परळचे रुग्णालय १९२६ मध्येच सुरू झाले होते, परंतु उरणकडील माणसास तेथे जाण्यासाठी मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे किंवा पनवेलवरून खाडीला लांबचा वळसा घालावा लागे. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्घाटन झालेला, सु. २१·८ किमी. लांबीचा शिवडी–न्हावा शेवा सागरी सेतू उरण तालुक्यातच चिर्ले येथे उतरतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकापासून, म्हणजे शिवडीपासून, परळ जवळ आहे. पूर्ण आघात झालेल्या रुग्णास गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. त्याच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे.

क्षणिक झटक्याच्या बाबतीत मात्र सेतूने फारसे काही साधत नाही. हातातून पेला गळून पडतो, दहा मिनिटांत हात पूर्ववत होतो, आणि तो अशक्तपणा समजून माणूस कामाला लागतो. वेदना नसते, त्यामुळे वैद्याकडे जाण्याचे कारणही दिसत नाही. त्या वेळी हवी असते ती श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने केलेली मानेची तपासणी. ती वेदनारहित असून तिला सुई लागत नाही व अर्ध्या तासाच्या आत ती पुरी होते. पनवेल परिसरात ती होऊ शकते. ईस्टकॉट यांच्या रुग्णास तेहतीस झटके आले तोवर तिच्याकडे लक्ष देणारे कोणी होते. पुष्कळांच्या बाबतीत पहिला झटका आणि मोठा आघात यांत दोन दिवसांहून अधिक अंतर नसते.